कोळसा मोजायला तार, तांदूळ मोजायला बोट

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका रेशन दुकानासमोर तासभर उभा होतो. बातमीसाठी नाही, शेजारच्या काकूंची चुंगडी उचलायला गेलो होतो. दुकान कोणतं ते सांगत नाही. कारण हे त्या एका दुकानाचं गाऱ्हाणं नाही आणि तो दुकानदार काही राक्षसही नाही.

काकूंनी अंगठा लावला. दोनदा नाही घेतला, तिसऱ्यांदा घेतला. मशीनवर कार्ड उघडलं, पाच माणसं, माणशी ५ किलो, एकूण २५ किलो. दुकानदाराने बटणं दाबली, पावती सर्रकन बाहेर आली. पावतीवर २५.०००. तीन शून्यांसकट. ग्रॅमपर्यंत अचूक!

आणि मग, पावती निघाल्यावर, तांदूळ काट्यावर गेला.

मी सवयीने काट्याकडे बघितलं. चुंगडीसकट २४.३. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मग अर्धा डबा आणखी ओतला. काकूंचं भागलं, कारण सोबत पत्रकार होता. मागे रांगेत एक म्हातारी आजी होती, ती म्हणाली, "पावती तं बराबरच राहते जी बाबू. घरी नेलं का कमी भरते. काहून जी?"

या 'काहून'चं उत्तर मी महिनाभर शोधतोय. पोस्ट लांबणार आहे, पण वाचा.

टेबलावर दोन यंत्रं होती. एक ई-पॉस मशीन, जे अंगठा ओळखतं आणि पावती काढतं. दुसरा इलेक्ट्रॉनिक काटा, जो वजन करतो. दोघांत वीतभर अंतर. पण दोघांची एकमेकांशी ओळखच नाही. पावतीवरचं २५.००० काट्याने सांगितलेलं नाही, ते दुकानदाराच्या बोटाने टाइप झालंय. म्हणजे ती पावती वजनाची नाहीच. काकूंना किती मिळायला हवं, तेवढंच ती सांगते. किती मिळालं हे त्या कागदावर कुठेच नाही. आणि तालुक्यापासून दिल्लीपर्यंतच्या संगणकात जो आकडा जातो, तो हाच.

हिशेब करून बघा. २५ किलोमागे ७०० ग्रॅम कमी, तर वर्षाला ८ किलो ४०० ग्रॅम. घरातल्या एका माणसाचं दीड महिन्याहून जास्त धान्य. अशी ३०० कार्डं धरली तर महिन्याला २१० किलो. सगळी दुकानं अशी आहेत असं मी म्हणत नाही. पण एखादं असेल, तर सरकारी संगणकाला ते कधीच दिसणार नाही, एवढं मात्र नक्की.

आता त्या काट्याच्या पाठीमागे जाऊ. मी खरंच गेलो. धूळ पुसली तर तिथे एक छोटं खोबण होतं, दोन ओळींत नऊ भोकं, वर पाच, खाली चार. दुकानदाराला विचारलं हे काय? म्हणाला, "कंपनीचं काही तरी आहे भाऊ, कधी कामी नाही पडलं."

ते कामी पडण्यासाठीच दिलेलं असतं. त्याला सिरीयल पोर्ट म्हणतात, तांत्रिक नाव आरएस-२३२. अमेरिकेत १९६० साली ठरलेली पद्धत आहे ही. दोन यंत्रांनी एकाच तारेवरून एकामागून एक अक्षर कसं पाठवायचं, त्याचे नियम. 'एकामागून एक' म्हणून सिरीयल. माऊस, मोडेम, बिलाचे प्रिंटर सगळे यावर चालायचे. पुढे यूएसबी आलं आणि कॉम्प्युटरमागची ती नऊ भोकं हळूहळू गायब झाली. आज दुकानातून नवा लॅपटॉप आणला तर त्याला ती नसतात. पण काटे बनवणाऱ्यांनी ती पद्धत सोडली नाही. स्वस्त आहे, साधी आहे, पंधरा मीटरपर्यंत तार सहज चालते, आणि बिघडण्यासारखं त्यात फार काही नाही. त्यामुळे आज आपल्या बाजारात असे हजारो काटे आहेत ज्यांना बोलता येतं, पण ऐकणारं कोणी नाही.

हे मला इतकं कसं माहीत? मी पत्रकारितेचा डिप्लोमावाला माणूस, इंजिनिअर नाही. पण दोन वर्षांपूर्वी एका किराणावाल्या मित्राच्या दुकानात हेच झालं होतं. जुना कॉम्प्युटर बसला, नवा आणला. जुना काटा नव्या कॉम्प्युटरला लागेना. विकणाऱ्याने सांगितलं, काटा जुना झाला, नवा घ्या, वरून सॉफ्टवेअर नवं घ्या. मोठा खर्च होता. मित्र हबकला. शेवटी चौकातला मोबाइल दुरुस्तीवाला पोरगा आला, त्याने यूएसबीला सिरीयल जोडणारी एक केबल मागवली. चारशे-साडेचारशेची. मग दोन संध्याकाळ आम्ही तिघं त्या काट्यासमोर बसलो.

पहिल्या संध्याकाळी काही आलंच नाही. पोराने सांगितलं, काट्याची बोलायची तार कॉम्प्युटरच्या बोलायच्याच तारेला लागलीय, दोघंही बोलतात, ऐकतं कोणीच नाही. (मला आमच्या नगरपंचायतीची सभा आठवली.) दोन आणि तीन नंबरच्या तारा उलट केल्या. मग स्क्रीनवर आकडे यायला लागले, पण आकडे कसले, चित्रविचित्र चिन्हं. काटा बोलत होता २४०० च्या वेगाने, कॉम्प्युटर ऐकत होता ९६०० च्या. वेग सारखा केला आणि बटाट्याचं वजन स्वच्छ दिसलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी झाडूपोछा करताना कोणी तरी केबल काढून शेजारच्या भोकात लावली, आणि पुन्हा सगळं बंद. कॉम्प्युटरने त्या भोकाला वेगळा नंबर दिला होता, सॉफ्टवेअर अजून जुनाच नंबर शोधत होतं. नंबर बदलला, चालू झालं. आजपर्यंत चालू आहे. पोराने हजेरीचे पैसेही घेतले नाहीत, पोहे खाल्ले फक्त.

एक गोष्ट मात्र तो पोरगा बजावून गेला. या केबलच्या बोंडात एक चिप असते आणि बाजारात तिच्या नकला फार. विंडोज नवं झालं की नकली चिप चालत नाही, पिवळं चिन्ह दाखवून बसते. २०१४ मध्ये तर एका परदेशी चिप कंपनीने असं ड्रायव्हर काढलं होतं, की नकली चिप लावली की ती निकामीच व्हायची. गरीब ग्राहकाला काय माहीत आपल्या केबलमध्ये कोणाची चिप आहे! एका दुकानासाठी ही डोकेदुखी आहे. पण सरकार जेव्हा हजारोंनी खरेदी करतं, तेव्हा निविदेत एक ओळ लिहिली की ही डोकेदुखी संपते.

आता मुद्द्यावर.

'हे तंत्रज्ञान आपल्याकडे कुठे' असं म्हणणाऱ्यांनी जरा चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात जाऊन यावं. नाही तर आमच्याच एटापल्ली तालुक्यातून सुरजागडचं लोहखनिज घेऊन जे ट्रक धावतात, त्या रस्त्याला उभं राहावं. ट्रक धर्मकाट्यावर चढतो. खाली लोड सेल, खोलीत इंडिकेटर, इंडिकेटरमागून एक तार, थेट कॉम्प्युटरमध्ये. वजन माणूस टाइप करत नाही, तारेतून येतं आणि चिठ्ठीवर छापलं जातं. ती तार बहुतेक ठिकाणी हीच, आरएस-२३२. कोल्हापूर-सांगलीकडच्या दूध संस्थांत जा. शेतकऱ्याने कॅन ओतला की वजन आणि फॅट दोन्ही यंत्रातून संगणकात जातं, पावती हातात. तिथला शेतकरी बोटाने टाइप केलेलं वजन चालवून घेईल का? संस्थेच्या चेअरमनला घरी जाऊ देणार नाही तो.

म्हणजे कोळसा विकला जातो तिथे तार, खनिज विकलं जातं तिथे तार, दूध विकलं जातं तिथे तार. आणि धानाच्या जिल्ह्यात आजीला मिळणारा तांदूळ मात्र बोटाने.

बरं, सरकारला हे सुचलं नाही असंही नाही. केंद्राने १८ जून २०२१ ला अन्नसुरक्षेच्या नियमांत दुरुस्ती केली. ई-पॉस चालवण्यासाठी क्विंटलमागे १७ रुपये जादा मार्जिन आधीपासून होतंच. त्यातून राज्याची बचत झाली, तर ती इलेक्ट्रॉनिक काटे घ्यायला, सांभाळायला आणि ते ई-पॉसला जोडायला वापरा, असं त्या दुरुस्तीत स्पष्ट आहे. जोडायला! शब्दच आहे नियमात. आंध्रात २०१५ च्या सुमारासच काटा आणि मशीन जोडून धान्य वाटायला सुरुवात झाली होती. सिरोंचाच्या माणसाला गोदावरीपलीकडच्या राज्यांतलं रेशन कसं चालतं ते विचारा, तो आपल्याला शिकवेल.

आता काही दुकानदार मित्र रागावतील, म्हणून त्यांची बाजू आधी मांडतो. ती खोटी नाही.

दुकानदार म्हणतो, मला गोदामातूनच कमी येतं. ५० किलोचा कट्टा ५० चाच धरून माझ्या नावावर चढवतात. नव्या तागाच्या पोत्याचंच वजन ५८० ग्रॅम असतं. भरलेला कट्टा काट्यावर ५० दाखवत असेल, तर आत तांदूळ साडेएकोणपन्नास किलोलाही कमी. वाहतुकीत सांडतं ते वेगळं, उंदीर खातो ते वेगळं. मग ही तूट मी कुठून भरू? मार्जिन किती मिळतं तर क्विंटलला १५० रुपये, ते ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने १७० करायचं ठरवलं. त्यात भाडं, वीज, हमाल, घर. "काटा जोडा म्हणता भाऊ, मग गोदामाचाही जोडा ना!"

शंभर टक्के बरोबर. माझं तर म्हणणं आहे सुरुवात गोदामापासूनच करा. दुकानाच्या दारात ट्रक उतरताना कट्टा काट्यावर जाऊ द्या, वजन मशीनमध्ये जाऊ द्या, आणि जेवढं आलं तेवढंच दुकानदाराच्या नावावर चढू द्या. वरून तूट आणि खालून तार असं केलं, तर दुकानदार ती तार पहिल्याच आठवड्यात उंदराने खाल्ली म्हणून सांगेल. आणि मी त्याला दोष देणार नाही.

दुसरा आक्षेप नेटवर्कचा. भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा, नाव घ्याल तिथे हे उत्तर तयार असतं, रेंज नाही. अंगठ्यासाठी रेंज लागते, मान्य. पण काट्यापासून मशीनपर्यंतच्या तारेला कसली आली रेंज? वीत-दीड वीत तार आहे ती. ब्लूटूथने जोडलं तरी दोन यंत्रांपुरतंच, टॉवर लागत नाही. वीजही लागत नाही फारशी, काट्यात बॅटरी असते, मशीनमध्ये बॅटरी असते. उलट जिथे रेंज नाही तिथे तर हे आधी व्हावं, कारण तिथे तपासायला कोणी जात नाही.

पावसाळ्याचं बघा. पर्लकोटा पुलावरून वाहायला लागली की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून आतल्या गावांना धान्य आधीच पोचवतात. २०२५ मध्ये तर केंद्राने सगळीकडेच जून, जुलै, ऑगस्टचं धान्य आगाऊ द्यायला सांगितलं होतं. पाच माणसांच्या घराला एकदम ७५ किलो. तीस किलोच्या टेबलकाट्यावर ते बसतच नाही. मग काय, एक कट्टा पुरा आणि एक अर्धा, अंदाजपंचे. तीन महिन्यांची तूट एका दिवसात, आणि तक्रार करायला नदी उतरायची वाट बघायची.

एक तांत्रिक-कायदेशीर भानगड आहे, तीही सांगतो, कारण उद्या कोणी तरी उत्साहात काटे उघडत सुटेल. काट्याला वैधमापनशास्त्र विभागाचं सील असतं, दरवर्षी तपासून घ्यावं लागतं. ज्या काट्याला मागे ती नऊ भोकं आहेत, त्याला बाहेरून तार लावली तर सीलला हात लागत नाही. पण ज्याला भोकंच नाहीत, त्याच्या आत ब्लूटूथची पट्टी बसवायची तर काटा उघडावा लागतो, सील तुटतं. ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्यानेच करायचं आणि काटा पुन्हा तपासून सील करून घ्यायचा. आता आमच्या जिल्ह्याचा पसारा बघा, कोरचीपासून सिरोंचापर्यंत. दुर्गम टोकाच्या दुकानदाराने काटा घेऊन एसटीने कुठवर जायचं, आणि तोवर धान्य कशाने मोजायचं? तालुक्याच्या गावी महिन्यातून एक दिवस शिबिर लावा. आधारसाठी लावतोच ना आपण.

म्हणूनच माझा आग्रह आहे, सरसकट सगळे जुने काटे भंगारात काढून 'स्मार्ट' नावाचं काही तरी नवं घेऊ नका. राज्यात पन्नास हजारांहून जास्त रेशन दुकानं आहेत. एवढ्यांना नवा काटा म्हटलं की कोणाचे डोळे चमकतात ते तुम्हाला मी सांगायला नको. आधी मोजा, किती काट्यांना पोर्ट आहे. त्यांना केबल द्या. उरलेल्यांचं मग बघू. आणि जे काही घ्याल त्याची अट एवढीच, की काटा कोणत्या वेगाने आणि कोणत्या भाषेत बोलतो ते उघड कागदावर असलं पाहिजे. एका कंपनीचा काटा फक्त त्याच कंपनीच्या मशीनला लागतो असं झालं, तर पाच वर्षांनी पुन्हा सगळं भंगार.

आता तार लावली म्हणजे रामराज्य येईल, असं समजण्याइतका मी भोळा नाही. तारेवरून जाणारं वजन साध्या अक्षरांत जातं, त्यावर कुलूप नसतं. मनात आणलं तर एखादा कारागीर मधेच दुसरं यंत्र बसवून खोटा आकडा पाठवू शकतो. त्याहून सोपं म्हणजे काट्यावर २५ ठेवायचे, पावती काढायची आणि मग चुंगडीतून दोन डबे परत घ्यायचे. किंवा वजन हलत असतानाच बटण दाबायचं. काटा वजन स्थिर झालं की नाही हेही तारेवरून कळवू शकतो, पण मशीनच्या सॉफ्टवेअरने ते बघायला हवं. आणि काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे हवं, दुकानदाराकडे नव्हे. आमच्या आजीला अक्षर येत नाही, पण आकडे येतात. आठवडी बाजारात मोह विकते ती, तिला काटा कळत नाही असं समजू नका.

मला खरी भीती वेगळीच आहे. तार बिघडली तर? 'काटा कनेक्ट नाही, उद्या या' असं सांगून लोकांना परत पाठवलं तर? अंगठ्याच्या बाबतीत हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. आठ-दहा किलोमीटर चालत आलेली बाई मशीनने ओळखलं नाही म्हणून रिकाम्या हाताने जाते. त्यात आणखी एक कारण वाढवायचं असेल, तर तुमची ती तार नको आम्हाला. तार बंद असेल तर वजन हाताने टाका, धान्य द्या, पण पावतीवर छापा, 'वजन हाताने नोंदवले'. संगणकात तशी खूण राहू द्या. मग महिन्याच्या शेवटी कोणत्या दुकानात किती वेळा हाताने टाकलं, ती यादी तहसीलमध्ये लावा. ज्याची तार रोजच बिघडते, त्याच्याकडे एखादा साहेब फेरी मारून येईल. ही यादी काढायला नवा पैसा लागत नाही.

गावोगावी दक्षता समित्या आहेत, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातच आहेत. बऱ्याच ठिकाणी सदस्यांनाच माहीत नसतं की आपण सदस्य आहोत. मी आमच्या समितीतल्या एका सदस्याला फोन केला, तर ते म्हणाले, "माझं नाव आहे का त्यात? कधीपासून?"

असो. पुढच्या वाटपाला मी त्या मोबाइलवाल्या पोराला घेऊन पुन्हा त्याच दुकानात जाणार आहे. दुकानदाराशी बोलणं झालंय, तो तयार आहे, त्याची अट एकच, गोदामातून आलेले पहिले दहा कट्टेही त्याच दिवशी सगळ्यांसमोर मोजायचे. सरकारी मशीनला आम्ही हात लावणार नाही, तो आमचा अधिकार नाही. फक्त काटा एका साध्या लॅपटॉपला जोडू आणि दिवसभराचं खरं वजन एका बाजूला, पावत्यांचे आकडे दुसऱ्या बाजूला लिहून ठेवू. गोदामाचे कट्टेही त्याच वहीत.

तोवर तुम्ही एक करा. आपल्या गावच्या दुकानात गेलात की काट्याच्या मागे बघा. नऊ भोकांचं ते खोबण आहे का, आणि काट्याचं तोंड कोणाकडे आहे, एवढंच इथे लिहा. दुकानाचं नाव नको, तालुका पुरे. म्हातारीचं उत्तर मला एकट्याने देता येणार नाही.